‘मायनस आहे नं सर?’ : विदर्भातल्या विज्ञान शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
प्राचार्य आणि विज्ञान शाखेचे शिक्षक,
विदर्भातली ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयं आणि आश्रमशाळा

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत बोर्डाच्या पेपराआधी वर्गावर्गांत एकच सांगणं असतं, की प्रश्न कोरा सोडायचा नाही. सूत्र लिहा, आकृती काढा, दोन पायऱ्या तरी करा, अर्धा मार्क तरी मिळतो. एप्रिलमध्ये सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी) तोंडावर आली की त्याच मुलांना बरोबर उलटं सांगितलं जातं : येत नसेल तर सोडून द्या, तुक्के मारू नका. एखादा पोट्टा धीर करून विचारतो, "मायनस आहे नं सर?" आणि घाईघाईत उत्तर जातं, "आहे, जपून सोडवा."

एमएचटी-सीईटीत मायनस नाही. ना पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात, ना पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटात. चुकलेल्या उत्तराला शून्य, कोऱ्या प्रश्नालाही शून्य. म्हणजे परीक्षा संपताना एकही प्रश्न कोरा राहिला, तर मुलाने हातातली संधी फुकट घालवली. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटला मायनस आहे, अभियांत्रिकीच्या जेईई मेनला आहे, आणि एकच पोरगा दोन-तीन फॉर्म भरतो. ज्या नियमाची भीती जास्त, तोच सगळीकडे लागू आहे असं धरून चालायची सवय होते. नागपूर-लातूरच्या क्लासमधल्या मुलाला तीन परीक्षांचे तीन नियम पाठ असतात. धारणी, एटापल्ली, मानोरा, झरी जामणी इथल्या मुलाला ते सांगणारे तुम्हीच. म्हणून हे पत्र तुम्हाला, सीईटी कक्षाला नाही. गणित आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचं म्हणणं एवढंच, की अंदाज लावणं हा हिशेबाचा भाग आहे, तो हिशेब प्रत्येक परीक्षेत वेगळा आहे, आणि तो वर्गात शिकवता येतो.

आधी सीईटी. पीसीएम गटात भौतिकशास्त्राचे 50 आणि रसायनशास्त्राचे 50 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण. गणिताचे 50, प्रत्येकी 2 गुण. एकूण 200. पीसीबीत गणिताच्या जागी जीवशास्त्राचे 100 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण. आता एक साधारण अभ्यासाचा विद्यार्थी घेऊ. भौतिकशास्त्रात 15 बरोबर, 15 चूक, 20 कोरे. रसायनात 22 बरोबर, 13 चूक, 15 कोरे. गणितात 12 बरोबर, 13 चूक, 25 कोरे. गुण झाले 15 अधिक 22 अधिक 24, म्हणजे 61. त्याने कोऱ्या प्रश्नांवर डोळे मिटून एकेक पर्याय दाबला असता तर? चारातून एक, म्हणजे भौतिकशास्त्राच्या 20 मधून सरासरी 5, रसायनाच्या 15 मधून पावणेचार, गणिताच्या 25 मधून सव्वासहा प्रश्न, म्हणजे साडेबारा गुण. बेरीज 21 च्या वर. नशिबाचा चढउतार धरला तरी ही भर बहुतेक वेळा 11 ते 31 च्या आतच राहते. 61 वरून 82. यात अभ्यास एका ओळीनेही वाढलेला नाही.

गणिताचा प्रश्न 2 गुणांचा असल्यामुळे तिथला कोरेपणा दुप्पट महाग पडतो, आणि आपल्याकडच्या मुलांचं सर्वांत जास्त कोरं नेमकं गणितच राहतं. त्याचं एक कारण भाषा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मराठीतून देता येतं. गणिताची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा ‘अॅट लीस्ट’, ‘अॅट मोस्ट’, ‘डझ नॉट एक्झिस्ट’, ‘नॉन-झीरो’, ‘डिस्टिंक्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’ अशा शब्दांवर अडतो आणि येणारं गणितही सोडून देतो. असे चाळीसेक शब्द मागच्या प्रश्नपत्रिकांमधून काढून भिंतीवर लावणं हे एका दुपारचं काम आहे.

सीईटीत सर्वांत मोठा घात होतो तो कुलपामुळे. पहिली 90 मिनिटं फक्त भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. वेळ संपली की तो भाग आपोआप जमा होतो, मग गणित किंवा जीवशास्त्र उघडतं, आणि मागे जाता येत नाही. ‘राहिलेलं शेवटी बघू’ असं ठरवलेल्या मुलाचा शेवट तीन तासांनी येतो, पण त्याच्या भौतिकशास्त्राचा शेवट दीड तासालाच होऊन गेलेला असतो. म्हणून अंदाजाची फेरी दोनदा लावायला शिकवा. पहिल्या भागात 100 प्रश्नांना 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे 54 सेकंद. रसायनापासून सुरुवात, साधारण 35 मिनिटं; भौतिकशास्त्राला 45; आणि घड्याळात 10 मिनिटं उरली की, हातातलं उदाहरण कितीही जमत आलेलं असो, ते थांबवून पॅलेटवरचे (पडद्याच्या उजवीकडच्या प्रश्नक्रमांकांच्या पट्टीवरचे) सगळे कोरे क्रमांक भरायचे. एका अंदाजाला चार-पाच सेकंद लागतात; 30 कोरे असले तरी तीन मिनिटांच्या आत काम होतं. उरलेली सात मिनिटं मग अर्धवट राहिलेल्या उदाहरणांना. आधी भरून ठेवायचं, मग सुधारायचं. हा क्रम उलटा झाला की वेळ संपते आणि कोरे प्रश्न तसेच जमा होतात. गणितात 50 प्रश्नांना 90 मिनिटं असतात, तिथे शेवटची 6 मिनिटं पुरतात.

पडद्यावर पर्याय निवडला आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता उजवीकडच्या क्रमांकावर टिचकी मारून पुढे गेलं, तर उत्तर साठवलं जात नाही. ज्यांनी माऊस वर्षातून दोनदा हातात धरलाय, त्यांच्याकडून हे हमखास होतं. भरलेल्या प्रश्नाचा क्रमांक हिरवा झाला का, हे दर दहा प्रश्नांनी बघायची सवय लावा.

आता पर्सेंटाइल. सीईटी वेगवेगळ्या सत्रांत होते, आणि तिचं पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती जणांना, भागिले त्या सत्रात बसलेले एकूण, गुणिले 100. समजुतीसाठी आकडे घेऊ. एका सत्रात 20,000 मुलं आहेत. मधल्या गर्दीत एकाच गुणावर 400 जण असतील, तर तो एक गुण ओलांडला की पर्सेंटाइल 2 ने वर जातं. वरच्या टोकाला एका गुणावर 40 जणच असतील, तर तोच एक गुण 0.2 देतो. म्हणजे अंदाजाच्या पाच-दहा गुणांचा खरा फायदा पहिल्या नंबरच्या मुलाला नाही, मधल्या गर्दीतल्या मुलाला आहे. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत हवी ती शाखा मिळणं, न मिळणं अशाच फरकाने ठरतं. आणि कुणी म्हणेल, सगळेच अंदाज लावतात, मग फायदा कसला? अगदी बरोबर, बाकीचे लावतातच. त्यामुळे न लावणारा जागच्या जागी राहत नाही, मागे पडतो.

नीटकडे वळू, कारण खरी भीती तिथली. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. बरोबरला 4, चुकीला उणे 1, कोऱ्याला 0. (2021 ते 2024 या काळातली 200 प्रश्नांमधून 180 निवडायची सोय 2025 पासून गेली, जुने पेपर सोडवून घेताना हे लक्षात असू द्या.) चार पर्यायांतून अंध निवड केली तर चारातून एकदा 4 मिळतात, तीनदा 1 जातो. चार प्रश्नांमागे 4 वजा 3, उरला 1. म्हणजे प्रश्नामागे पाव गुण फायदा. तोटा नाही, फायदा, तोही काही येत नसताना! एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर तीन उरतात आणि प्रश्नामागे दोन-तृतीयांश गुण पदरात पडतो. दोन पर्याय खोडता आले तर दीड गुण. उणे 1 ची शिक्षा खऱ्या अर्थाने लागू व्हायला बरोबर येण्याची शक्यता 20 टक्क्यांच्या खाली जावी लागते, आणि चार पर्यायांत ती मुळातच 25 आहे.

ऋण गुणांनी अंदाजाचा फायदा पुरता शून्यावर आणायचा असेल, तर चार पर्यायांना एक-तृतीयांश वजावट लागते. जेईई अॅडव्हान्स्डच्या एकच उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नांत बरोबरला 3 आणि चुकीला उणे 1 असतो, तिथे हिशेब काटेकोर शून्य येतो. अमेरिकेच्या सॅट परीक्षेत पाच पर्याय आणि पाव गुण वजावट होती, तोही शून्याचाच हिशेब. 2016 मध्ये त्यांनी वजावटच काढून टाकली. नीटमध्ये मात्र पर्याय चार आणि वजावट मिळणाऱ्या गुणांच्या चौथ्या हिश्श्याएवढी. फरक लहान आहे, पण तो अंदाज लावणाऱ्याच्या बाजूचा आहे.

हे फळ्यावर सांगून पटत नाही. मुलांना करून दाखवा, एका तासात होतं. अ, ब, क, ड अशा चार चिठ्ठ्या करा, 20 वेळा उचलून आधीच एक उत्तरसूची तयार ठेवा. वर्गातल्या 40 मुलांना प्रश्न न देताच 1 ते 20 पुढे मनाला येईल ते अक्षर लिहायला सांगा. मग सूची वाचा, शेजाऱ्याचा कागद तपासू द्या. सीईटीच्या पद्धतीने सरासरी 5 गुण येतील. नीटच्या पद्धतीने प्रत्येकाचे गुण म्हणजे बरोबर उत्तरांची पाचपट वजा 20. चार बरोबर म्हणजे शून्य. पाच किंवा जास्त म्हणजे फायदा. तीन किंवा कमी म्हणजे तोटा. हात वर करायला लावा. चाळिसातली साधारण 23 मुलं फायद्यात, सात-आठ शून्यावर आणि नऊच्या आसपास तोट्यात दिसतील. एकही बरोबर न येऊन पूर्ण उणे 20 पडणं हजारात तिघांच्या वाट्याला येतं. तोट्यातल्या त्या नऊ मुलांना मुद्दाम उभं करून विचारा, किती गेले? बहुतेकांचे 5 गेलेले असतील. आपण ज्याला इतकी वर्षं घाबरलो ते एवढंच, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की वर्गाचा सूर बदलतो.

तरीही नीटमध्ये आम्ही सरसकट ‘सगळं भरा’ म्हणणार नाही. कारण चुकीचे पर्याय आपोआप पडत नाहीत, ते रचलेले असतात. चिन्ह उलटं घेतलं, सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत, त्रिज्येऐवजी व्यास घेतला, की जे उत्तर येईल ते पर्यायांत आधीच बसवून ठेवलेलं असतं. अर्धवट माहिती असलेला मुलगा या सापळ्यात अडकतो आणि त्याची बरोबर येण्याची शक्यता डोळे मिटणाऱ्यापेक्षाही खाली जाऊ शकते. उणे गुण मोजायला बसलात तर असं दिसेल, की बरेचसे ‘तुक्क्यां’मधून गेलेलेच नाहीत, ‘पक्कं येतं’ म्हणून घाईत भरलेल्या उत्तरांतून गेलेत. 

हे तपासायची सोपी रीत आहे. सराव परीक्षेत प्रत्येक उत्तराशेजारी मुलाने एक आकडा लिहायचा : खात्री असेल तर 1, दोन पर्यायांत अडकलं तर 2, तीन उरले तर 3, काहीच येत नसेल तर 4. पेपर तपासल्यावर चारही गटांतली बरोबर उत्तरं वेगवेगळी मोजायची. 2 च्या गटात निम्मी, 3 च्या गटात तिसरा हिस्सा, 4 च्या गटात चौथा हिस्सा बरोबर यायला हवीत. 2 च्या गटात पंचवीस टक्केच येत असतील, तर मूल बरोबर पर्यायच खोडतंय, म्हणजे खोडण्याचं कारण चुकतंय. 1 च्या गटात शंभरातली वीस चुकत असतील, तर त्याला अंदाजाचं नव्हे, वाचनाचं आणि आकडेमोडीचं औषध हवं. आणि एखाद्याचा 4 चा गट विषयवार पाहता एखाद्या विषयात सतत पाचव्या हिश्श्याच्या खाली राहत असेल, तर त्याने त्या विषयापुरतं नीटमध्ये कोरं सोडावं. हे ठरवायला एक पेपर पुरत नाही; शंभरेक प्रश्न तरी त्या गटात जमू द्या, नाहीतर नशिबालाच आपण नियम समजून बसू.

खोडायचं कसं, हे विषयागणिक शिकवावं लागतं. भौतिकशास्त्रात सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे एककं. ताणलेल्या तारेवरच्या आडव्या लहरीचा वेग विचारला आणि सूत्र आठवत नाही. पर्याय असे : ताण भागिले रेषीय घनता याचं वर्गमूळ, रेषीय घनता भागिले ताण याचं वर्गमूळ, नुसता ताण भागिले रेषीय घनता, आणि दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ताणाचं एकक किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद वर्ग, रेषीय घनतेचं किलोग्रॅम प्रति मीटर. भागाकार केला की किलोग्रॅम उडतो, उरतं मीटर वर्ग प्रति सेकंद वर्ग. वर्गमूळ घेतलं की वेग. तीन पर्याय वीस सेकंदांत गेले. मात्र सगळे पर्याय सारख्याच एककांचे असले आणि फक्त पुढचा 2 किंवा पाय वेगळा असला, की हे हत्यार बोथट. तिथे वेळ घालवू नये.

गणितात पर्यायच प्रश्नात घालून बघायचे. (2, 3) या बिंदूतून जाणारी आणि 3क्ष + 4य = 5 ला लंब असलेली रेषा विचारली. पर्याय : 4क्ष − 3य + 1 = 0; 4क्ष − 3य − 1 = 0; 3क्ष + 4य − 18 = 0; 4क्ष + 3य − 17 = 0. नुसता बिंदू घातला तर फक्त दुसरा पर्याय जातो. तिसरा समांतर रेषेचा आणि चौथा चुकीच्या उताराचा, पण दोन्ही त्या बिंदूतून जातात. पेपर काढणाऱ्याला मुलं बिंदू घालून बघतात हे माहीत असतं. उताराकडून गेलं तर लंब रेषेचा उतार 4 भागिले 3, म्हणून तिसरा आणि चौथा लगेच जातात. मग बिंदू घालून पहिला राहतो. दोन अटी असतील तर जी अट जास्त पर्याय खोडते ती आधी लावायची, हे मुलांना दोन-चार उदाहरणांत उमगतं. संकलनाच्या प्रश्नात पर्यायाचं विकलन करून क्ष ला 0 किंवा 1 द्यायचा आणि प्रश्नातल्या फलाशी ताडून बघायचं; 0 ने दोन पर्याय शिल्लक राहिले तर 1 घालायचा.

जीवशास्त्रात आणि नीटच्या रसायनात ‘विधान 1, विधान 2’ प्रकार भरपूर. दोन्ही बरोबर, दोन्ही चूक, फक्त पहिलं बरोबर, फक्त दुसरं बरोबर. यातलं एकच विधान नक्की माहीत असेल, तर दोन पर्याय खोडले जातात आणि दीड गुणाचा हिशेब लागू होतो. मूल मात्र ‘दुसरं विधान माहीतच नाही’ म्हणून अख्खा प्रश्न सोडतं. विधान-कारण प्रकारात विधान चूक किंवा कारण चूक हे नक्की कळलं, तर नेहमीच्या चार पर्यायांत एकच उरतो, अंदाजाचाही प्रश्न नाही. जोड्या लावा यात एक जोडी पक्की असली की दोन, कधी तीन पर्याय जातात. अशा प्रश्नांना ‘येत नाही’ म्हणणं म्हणजे निम्मं उत्तर हातात असून टाकून देणं.

वर्गात फिरणारे काही समजही इथेच निकाली काढा. सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, ‘क’ जास्त वेळा येतो, आतापर्यंत ‘ड’ कमी आले म्हणून आता ‘ड’ लावावा : यातल्या कशाचीही हमी कोणती परीक्षा देत नाही. काहीच येत नसेल तिथे सगळीकडे एकच अक्षर लावलं किंवा वेगवेगळी लावली, सरासरी तीच. एकच अक्षर लावण्याचा फायदा फक्त वेळेचा, पण घाईच्या वेळी तोही कमी नाही. आणि ‘पहिलं उत्तर बदलू नये’ ही सर्वांची आवडती सूचना मागे घ्या. उत्तर बदलण्यावर झालेल्या अभ्यासांत चुकीचं खोडून बरोबर करणारे जास्त निघतात, बरोबरचं चूक करणारे कमी. नवं कारण सापडलं तर संगणकावर बिनधास्त बदलावं. नीटच्या ओएमआरवर, म्हणजे पेनने गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, बदल चालत नाही, म्हणून तिथे गोल रंगवण्याआधीच विचार संपवायचा.

ओएमआरबद्दल आणखी. एका प्रश्नाला दोन गोल रंगले की ते चुकीचं उत्तर धरतात, उणे 1. एक प्रश्न सोडून पुढे जाताना ओळ सरकली तर पुढची सगळी उत्तरं एका घराने सरकतात आणि हे लक्षात येईपर्यंत पेन फिरलेला असतो. म्हणून सगळं शेवटी न रंगवता प्रश्नपुस्तिकेचं पान संपलं की त्या पानाचे गोल रंगवायचे, सोडलेल्या प्रश्नाला पुस्तिकेत मोठं वर्तुळ करायचं, आणि शेवटची 15 मिनिटं फक्त त्या वर्तुळांसाठी ठेवायची. कोरं सोडण्याचा अजून एक तोटा नीटच्या नियमांतच आहे. उत्तरसूचीत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर ठरले, तर त्यांपैकी एखादा निवडणाऱ्यालाच 4 मिळतात. सगळेच पर्याय बरोबर ठरले, तर ज्यांनी प्रश्न सोडवला त्यांनाच. प्रश्न रद्द झाला तरच कोऱ्यालाही गुण. 2024 मध्ये अणूवरच्या एका प्रश्नाला आधी दोन उत्तरं धरली गेली, मग सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत घेऊन एकच कायम ठेवलं आणि गुणवत्ता यादी बदलली. अशा वेळी कोरं सोडणाऱ्याला ना इकडून काही, ना तिकडून.

जेईई मेनमध्ये मात्र एका जागी ‘सोडून दे’ हा सल्ला खरा ठरतो. प्रत्येक विषयाचे 20 प्रश्न पर्यायांचे, त्यांना नीटचाच हिशेब. उरलेले 5 संख्यात्मक, तिथे पर्यायच नाहीत, उत्तर टाइप करायचं, आणि चुकीला तिथेही उणे 1. आंधळेपणाने टाकलेला आकडा बरोबर येण्याची शक्यता नगण्य. ‘12 असेल किंवा 24’ इथपर्यंत पोचलं असेल तर टाकावा, एरवी कोरं ठेवावं.

मुलींबद्दल वेगळं लिहितोय, कारण वर्गात ते दिसत नाही. ऋण गुण असलेल्या परीक्षांत, तितकीच तयारी असूनही, मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडतात असं परदेशातल्या अभ्यासांत आढळलंय. चिली देशाने विद्यापीठ प्रवेश परीक्षेतली वजावट काढली, तेव्हा हा कोऱ्या प्रश्नांचा फरक मोठ्या प्रमाणात घटला. आपल्याकडे तर ‘चुकलं तर काय म्हणतील’ हे मुलींना घरूनच शिकवलेलं असतं. सराव पेपर तपासताना मुलामुलींचे कोरे प्रश्न वेगळे मोजा. फरक दिसला, तर वर सांगितलेला चिठ्ठ्यांचा प्रयोग त्या मुलींकडूनच फळ्यावर करून घ्या.

‘तुक्का शिकवला तर पोरं अभ्यास सोडतील’ हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. त्यावर आकडाच पुढे करा. सीईटीत आलेलं गणित 2 गुण देतं, अंदाज सरासरी अर्धा. चारपट फरक बारावीच्या मुलाला कळतो. नीटमध्ये 60 प्रश्न पक्के येणाऱ्याचे 240 होतात, उरलेल्या 120 वर डोळे मिटून फार तर सरासरी 30 ची भर पडते. नुसत्या त्या भरीवर कुणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात नाही. पण 2025 मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता 144 गुणांवर थांबली होती आणि इतर मागास, अनुसूचित जाती, जमातींची 113 वर. या रेषेच्या आसपास घुटमळणाऱ्या मुलासाठी 20-30 गुणांचा अर्थ पात्र किंवा अपात्र एवढा सरळ आहे.

प्रश्न राहतो वेळेचा, आणि तो आपल्या भागात नाजूक आहे. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की वसतिगृह रिकामं होतं. भामरागड, कोरची, चिखलदऱ्याकडची मुलं गावी जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला घरच्यांसोबत असतात. तिथून ती सरळ परीक्षा केंद्रावरच उतरतात. ‘बोर्ड झाल्यावर सीईटीचं बघू’ म्हणणाऱ्या कॉलेजला ही मुलं पुन्हा भेटतच नाहीत. म्हणून आमची मागणी जानेवारीची आहे : पूर्वपरीक्षा संपली की, बोर्डाची धावपळ सुरू होण्याआधी, वेळापत्रकात तीन बैठका घाला. पहिली चिठ्ठ्यांच्या प्रयोगाची आणि तीन परीक्षांच्या नियमांची, एक तास. दुसरी पूर्ण सीईटीची, तीन तास. संगणक कक्ष चालू असेल तर पडद्यावर, नसेल किंवा वीज गेली तर कागदावर. पण 90 व्या मिनिटाला भौतिक-रसायनाचा उत्तरकागद खरोखर हातातून काढून घ्यायचा, कुणी कितीही म्हटलं "सर, दोनच मिनिटं" तरी. तिसरी फक्त पीसीबीवाल्यांची, ओएमआरची. 180 ओळींचा, चार गोलांचा नमुना झेरॉक्स करून, काळ्या बॉलपेनने, मनगटावर घड्याळ न ठेवता, कारण नीटला ते नेता येत नाही.

आणि सूचनाफलकावर, मोठ्या अक्षरांत, मुलं गावी जाताना फोटो काढून नेतील अशा जागी, एवढं लिहून ठेवा :

सीईटी : मायनस नाही. एकही कोरा नको. पहिली 90 मिनिटं संपायच्या 10 मिनिटं आधी सगळे भरा.
नीट : बरोबर 4, चूक उणे 1. एक जरी पर्याय खोडता आला तरी भरा.
जेईई मेन : पर्यायांचे प्रश्न नीटसारखेच. आकडा टाइप करायचा असेल आणि येत नसेल तर सोडा.

आपले,
गणित आणि संख्याशास्त्राचे काही शिक्षक, विदर्भ